सव्वाचारचा ठोका

माझ्या बायकोने मला कधी नावाने हाक मारली नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही. "अहो" म्हणायची, तेही मी समोर असलो तर. लांब असलो तर ओरडायची नाही. आमच्या कराडकडच्या घरात सुनेने नवऱ्याला हाळी द्यायची नाही असं होतं, म्हणून ती तांब्यावर पळी वाजवायची. पुढे तिच्या भावाने आम्हाला अमेरिकेत आणलं, न्यू जर्सीत आम्ही हे जुनं घर घेतलं, आणि मी बेसमेंटमध्ये बसायला लागलो. तिथंही तिला ओरडायला नको. स्वयंपाकघरातल्या रेडिएटरचा नळ खाली बेसमेंटमध्ये उतरतो. त्या नळावर ती उलथनं मारायची. दोन आणि एक. टक टक, टक. म्हणजे चहा झालाय. मी खालून पान्याने एकदा वाजवायचो. म्हणजे आलो.

हे आधी सांगतो, कारण त्याशिवाय बॉयलर बदलायची गोष्ट कळायची नाही.

ज्यांनी असलं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी. बेसमेंटमध्ये लोखंडी बॉयलर असतो. त्यात पाणी उकळतं, वाफ नळांतून वर चढते, खोल्यांतले रेडिएटर तापतात, वाफेचं पाणी होऊन त्याच नळाने परत खाली येतं. आमचा बॉयलर आमच्या आधीपासून घरात होता. आठवड्याला काचेच्या नळीत पाणी किती आहे बघायचं, कमी असलं तर सोडायचं. एवढं मला जमत होतं. शाळा माझी सातवीपर्यंत, त्यातही सातवी नापास. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या फॅक्टरीत आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर खाली बसून मिक्सर दुरुस्त करायचो. आपल्या मुली पुण्याहून मिक्सर आणतात, इथल्या विजेवर तो नुसता गुरगुरतो, मग "काका, बघा ना" करत येतात.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशीही माझ्यासमोर एक मिक्सर उघडा होता. चार वाजून गेले असतील. नळावर वाजलं. पण दोन आणि एक नाही. एक वाजला, मग बराच वेळ काही नाही, मग तीन-चार एकदम, वेडेवाकडे. मी मान वर केली. म्हटलं, बॉयलर सुरू झालाय, नळ तापतोय, लोखंड आहे, वाजणारच. पुन्हा एकदा हलकंसं वाजलं. मी स्क्रू काढत राहिलो. वीस मिनिटांनी चहा कसा नाही म्हणून वर गेलो तर ती रेडिएटरपाशी बसलेली. पाठ भिंतीला, उलथनं मांडीवर. गॅसवर चहा आटून काळा झाला होता.

डॉक्टर म्हणाला, हार्ट. लवकर आला असतात तरी फारसं काही झालं नसतं. पण त्याला मी वीस मिनिटांचं सांगितलंच नव्हतं.

मुलगी मॉरिसव्हिलहून विमानाने आली. तिला सांगितलं. खरं तेच सांगितलं, की वाजलं होतं, पण मला वाटलं बॉयलर आहे. ती म्हणाली, "बाबा, it was the boiler. Don't do this to yourself." मी ते धरून ठेवलं.

तेराव्याला लोक जेवून गेले, संध्याकाळच्या विमानासाठी दुपारीच मुलगी निघाली. घरात मी एकटा. खाली जाऊन बसलो. सव्वाचार झाले आणि नळावर वाजलं. टक टक, टक.

माझ्या हाताने पाना उचलला आणि एकदा वाजवलं. मी काही ठरवून केलं नाही. मग वर गेलो. स्वयंपाकघरात कुणी नाही. रेडिएटर नुकता तापत होता. उलथनं खिळ्याला टांगलेलं, आणि ते हलत होतं. नळ हादरला की भिंत हादरते, भिंतीत खिळा आहे, एवढं मला कळतं. तरी ते हातात धरून थांबवलं, तेव्हा ते गरम लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वाचार. तिसऱ्या दिवशीही. थर्मोस्टॅट तिनेच लावून ठेवला होता, चार वाजता उष्णता वाढवायची, तिचे गुडघे त्या वेळी दुखायचे. चारला बॉयलर पेटणार, सव्वाचारला वाफ तिथं पोचणार. मी तो थर्मोस्टॅट बदलला नाही. मला बदलता येतही नाही. रोज वाजायचं, रोज मी खालून उत्तर द्यायचो आणि वर जाऊन दोन कप चहा करायचो. एक पीत होतो, एक ओतत होतो.

मला भीती वाटायची का? वाटायची. जिन्याच्या वरच्या पायरीवर दार असतं, ते ढकलायच्या आधी रोज थांबायचो. पण त्या आवाजाचा मला आधारही होता, तो कुणाला सांगितला नाही. बॉयलर हा असा वाजतो. अगदी तिच्यासारखा वाजतो. म्हणजे त्या दिवशीही तोच वाजला असणार. माझ्या जागी कुणीही फसला असता. बॉयलर माझा साक्षीदार होता. रोज सव्वाचारला साक्ष द्यायचा.

उन्हाळ्यात तो बंद राहिला. ऑक्टोबरात पेटवला तर काचेतलं पाणी आठवड्याचं दोन दिवसांत संपायला लागलं आणि चिमणीतून पांढरी वाफ येऊ लागली. मग बेसमेंटमधला विषारी वायूचा अलार्म बोंबलला. हे मी मुलीला सांगायला नको होतं.

"बाबा, that thing will kill you," ती फोनवर म्हणाली. "आजच बंद करा. मी माणूस पाठवते. हीट पंप लावून टाकू. रेडिएटर, नळ सगळं काढून टाकतात. उन्हाळ्यात थंडसुद्धा होतं."

"नळ नाही काढायचे."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही. मला गार नको."

"आई असती तर तुम्ही तिला असं थंडीत ठेवलं असतं?"

मी फोन ठेवला. दोन दिवस स्वेटर घालून, टोपी घालून बसलो. बॉयलर बंद, म्हणून सव्वाचारला काही वाजलं नाही. ते वाजण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी तिने पाठवलेला प्लंबर आला. माझ्याच वयाचा गोरा, हात फावड्यासारखे. माझं इंग्रजी फॅक्टरीतलं, त्याचंही तसलंच, त्यामुळे जमलं. बॉयलरवर बॅटरी मारून म्हणाला, "हा मेलाय बॉस. लोखंडाला भेग आहे. शिवता येत नाही." मग बोटांवर मोजत सांगितलं, हीट पंप घ्या, नाहीतर भिंतीवरचा छोटा गरम पाण्याचा बॉयलर, पण त्याला नळ सगळे नवे. नाहीतर असाच वाफेचा, नळ-रेडिएटर आहेत तेच.

"असाच," मी म्हणालो. "आणि तो वाजायला पाहिजे."

तो हसला. "लोक मला आवाज बंद करायला बोलावतात."

वाफेचाच लावायचा तर सगळे रेडिएटर बघावे लागतील म्हणून तो उतार बघायची पाणसळ घेऊन खोल्या फिरला. स्वयंपाकघरात रेडिएटरवर पाणसळ ठेवली आणि मला बोलावलं. बुडबुडा एका कडेला गेलेला.

"हा उलटा झुकलाय. पाणी परत जात नाही, आत साठतं. वाफ येते आणि त्या पाण्यावर आपटते. म्हणून वाजतो. बॉयलरचा काही दोष नाही." गुडघ्यावर बसून त्याने मागच्या पायाखाली बोट दाखवलं. फरशीवर चौकोनी डाग होता, बाजूच्या रंगापेक्षा उजळ. "इथं लाकडाची पाचर होती. कुणी काढली?"

मी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथं टेबलावर तिचा फोटो आहे. तेराव्याला फोटो मांडला तेव्हा ते जुनं टेबल डुगडुगत होतं, समईचं तेल सांडायला लागलं. लोक जमले होते, गुरुजी खोळंबले होते. मी स्वयंपाकघरात गेलो, दिसली ती पाचर ओढली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. तिच्या एका कडेला रेडिएटरचा चंदेरी रंग अजून आहे.

"पाचर असताना वाजत होता का कधी?" प्लंबरने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. पाचर असताना आमचा रेडिएटर एकदाही वाजला नव्हता. इतकी वर्षं ती त्या नळावर वाजवायची आणि मला कळायचं, ते त्यामुळेच, की त्या नळावर तिच्याशिवाय दुसरं कुणी वाजत नव्हतं. बॉयलर बोलायला लागला तो तेराव्यापासून. मीच त्याला बोलता केला. त्या फेब्रुवारीच्या दुपारी ती होती. वेडेवाकडे ठोके तिचे होते. हाक मारायची नाही म्हणून शिकलेली बाई, मरतानाही उलथन्यानेच सांगत होती, आणि मी स्क्रू काढत होतो.

प्लंबर गेल्यावर मुलीला फोन केला.

"बॉयलर नव्हता," मी म्हणालो. "त्या दिवशी आई होती. तीच वाजवत होती. मी गेलो नाही."

पाचरीचं सगळं सांगितलं. तिच्याकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता. मग म्हणाली, "कुठला घेताय?"

"वाफेचाच."

"Okay, बाबा." आणि थोड्या वेळाने, "पाचर परत लावा."

लावली. मीच लावली, प्लंबरला हात लावू दिला नाही. नवा बॉयलर दोन दिवसांत बसला. चारला पेटतो, सव्वाचारला रेडिएटर गुपचूप तापतो. आता नळावर काही वाजत नाही.

फक्त टेबल पुन्हा डुगडुगतं. घर जुनं आहे, वर कुणी चाललं की जमीन दबते, टेबल हलतं आणि फोटोची चौकट मागच्या भिंतीला टेकते. टक. मी चालतो तेव्हा वाजतं, ते ठीक. पण मी खाली बसलेलो असतो तेव्हा वर चालायला कुणी नसतं. तरी एखाद्या दुपारी वाजतं.

टेबलाखाली पुठ्ठा घालावा म्हटलं तर पुठ्ठ्याला काय तोटा, सगळं आयुष्य त्यातच गेलं. घातला नाही. आणि आता हा आवाज कशाचा, हे विचारत मी बसत नाही. पहिल्याच ठोक्याला उठतो.