टाकीवरचा रिकामा पाइप

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. अंगात येणं, करणी, उतारा... याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिलीत, सोलापुरात चौकाचौकात उभी राहून वाटलीत. तेव्हा मला भोळी समजू नका. आणि पुढचं वाचून 'बघा, शेवटी पटलं ना' असंही म्हणू नका. मला काहीही पटलेलं नाही.

गाव अक्कलकोट तालुक्यात, दुधनीच्या अलीकडं. नाव लिहीत नाही, आत्या अजून तिथंच राहते. इंटरनेटची केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. ओढ्यापलीकडं आमची बौद्ध वस्ती – तिथं 'पुढच्या टप्प्यात', म्हणजे कधीच नाही. मोबाइलवर कसंबसं बोलणं होतं, व्हिडिओ नुसता गोल फिरत बसतो.

आत्याची प्रियांका नर्सिंग झालेली. एका मोठ्या हॉस्पिटलची मुलाखत आली, ऑनलाइन, एकदाच. हुकली तर तिच्या वडिलांनी स्थळ बघूनच ठेवलं होतं.

म्हणून मी अस्लमला घेऊन गेले. तो सोलापुरात वायफाय बसवायची कामं करतो. पंचायतीशेजारच्या पाण्याच्या टाकीवर पाइपला एक रेडिओ, म्हणजे ताटलीएवढी डिश, पंचायतीतल्या केबलला वायरनं जोडलेली. वस्तीतल्या विहाराच्या गच्चीवर दुसरा, तोंडाला तोंड करून. टाकीवरचा नेट पाठवणार, विहारातला घेणार. दोन्ही रेडिओंचा पासवर्ड एक, आयपी पत्ते, म्हणजे नेटवरचे घरनंबर, वेगळे. मी टाकीवर डिश फिरवतेय, तो गच्चीवरून फोनवर सांगतोय – जरा ओढ्याकडं घ्या ताई... बास, आता श्वासबी घेऊ नका. सिग्नल कडक आला. ग्रामसेवकाची परवानगी होती. तोंडी.

दुसऱ्याच दिवशी गावात सुरू झालं – लहरी पाण्यात उतरतात, पाणी बाटतं. बाटतं! त्याच टाकीवर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिवे लावून झळकतो, त्यानं बाटत नाही. आमच्या वस्तीकडं तोंड केलेल्या यंत्रानंच बाटतं. मी पत्रक काढून घरोघर टाकलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी दोन्ही रेडिओंमधली लिंक तुटली. अस्लमनं पिंग लावलं – म्हणजे टाकीवरच्या रेडिओला हाक मारून तो ओ देतो का बघायचं. काहीच उत्तर नाही. प्रियांका इस्त्रीचा ड्रेस घालून लॅपटॉपसमोर बसलेली. एवढंच म्हणाली, "अक्का, बघ की काय तरी."

स्कूटी काढून टाकीकडं गेले. पंचायतीच्या दारात एक सदस्य उभे. आम्हीच काढलंय, लोकांचं पाणी आहे ते, म्हणाले. कपाटातून डिश, गुंडाळलेली वायर, अॅडॉप्टर, सगळं काढून माझ्या हातात ठेवलं. वर पाहिलं तर टाकीवर नुसता रिकामा पाइप.

भांडायला तोंड उघडलं आणि फोन वाजला. अस्लम. अगदी हळू आवाजात...

"ताई, काय केलंय ते तसंच ऱ्हाऊ द्या. लिंक आली. मुलाखत चालू झाली."

"कुठून आली?"

"टाकीवरनंच की. तुमचाच रेडिओ उत्तर द्यालाय."

मोबाइलचं नेट? ते बंद आहे, दोनदा बघितलं, म्हणाला. रेडिओ माझ्या हातात होता. वीज नाही, वायर जोडलेली नाही, गार.

मला सगळी वाक्यं पाठ होती – कायदा, कलम, बाबासाहेब, सगळं. पण बोलले आणि तिकडं लिंक तुटली तर? डिश नुसती खाली ठेवली तरी तुटली तर? मी हललेच नाही. सदस्य हसायला लागले.

"का ओ ताई, आज पत्रक संपलं व्हय?"

मी उन्हात तशीच उभी, डिश छातीशी धरून, अस्लमचा पुन्हा फोन येईपर्यंत. झाली म्हणाला, छान बोलली पोरगी. आणि लगेच – आत्ता गेली लिंक.

प्रियांका निवडली गेली. अस्लमनं रेडिओ सोलापूरला नेऊन खोलून बघितला. यंत्रात काही वेगळं नाही. त्याच पत्त्याचा दुसरा रेडिओ कुणी लावला असेल म्हणावं, तर त्याला नेट कोण देणार? पंचायतीतली वायर तर माझ्याच हातात होती.

मग मी तालुक्याला रीतसर तक्रार केली. वस्तीची जोडणी तोडली, यंत्र उतरवलं. तिथल्या साहेबांनी मला आणि त्या सदस्यांना समोर बसवलं. सदस्य शांतपणे म्हणाले, आम्ही हातसुद्धा लावला नाही. साहेबांनी मला विचारलं, यंत्र केव्हा काढलं? मुलाखतीच्या आधी, म्हटलं. मुलाखत झाली? झाली. नेटवरच? हो... सगळ्या वस्तीनं बघितली.

"मग मॅडम, यंत्र काढलेलं असताना ती झाली कशी?"

खरं सांगावं तर वेडी ठरते, आणि दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं. तक्रार निकाली निघाली. टाकीवर आता परवानगी मिळत नाही, वस्तीत नेट नाही, बारावीच्या पोरी विचारतात, अक्का, परत कधी लावायचं?

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. ते सापडत नाही तोवर, सरकारदरबारी आमचं नेट कुणी तोडलेलंच नाही.