हॉलमधल्या समुद्रावर पाय

मी समुद्र अजून पाहिलेला नाही. हे सांगितलं की लोक हसतात, कारण नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका घराच्या हॉलमध्ये, फरशीच्या खाली, मी समुद्र बांधला आहे.

माझं गाव गोंदियाकडचं. तिथून नाशिक म्हणजे अख्खी रात्र गाडीत. सातवीनंतर शाळा सुटली, मग गवंड्याच्या हाताखाली, मग वॉटरप्रूफिंगच्या कामावर, असं करत करत इकडे आलो. गच्चीतलं पाणी खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. सरांकडेही मी गच्चीसाठीच गेलो होतो. सर सिन्नरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. घरात ते आणि त्यांच्या आई. त्यांना सगळेच आजी म्हणतात. त्या पावसाळ्यात छताला एकही डाग आला नाही, तेव्हा सरांनी मला बोलावून घेतलं आणि हॉलच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "पाणी आत येऊ देत नाहीस. आत ठेवून दाखवशील का?"

त्यांना खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे होते, तेही जमिनीत. वर काच, आणि सोफ्याकडून जेवणाच्या टेबलाकडे जाणाऱ्या माणसाने त्या काचेवरूनच चालत जायचं. मी हो म्हणालो आणि त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. गोडं पाणी फक्त गळतं. खारं पाणी सळ्या खातं. सळई फुगली की काँक्रीट फुटतं आणि घराच्या पोटात पाणी. सरांना लोकांनी सांगितलंही, की मुंबईहून माहितगार कंपनी बोलवा, हा गच्चीवाला आहे. सरांनी नाही बोलावली. रोज दुपारी माझ्याबरोबर जमिनीवर बसून, कागदावर चित्रं काढून, ते मला समजावत राहिले. मला कळेपर्यंत. माझ्यासाठी एवढं थांबणारा माणूस मला शाळेत भेटला असता, तर कदाचित मी आठवीत गेलो असतो.

काम मी जीव लावून केलं. सळ्यांवर नेहमीपेक्षा जाड काँक्रीट, आतून इपॉक्सीचे थर, कोपरे सगळे गोल, कारण पाणी पळवाट शोधतं ती कोपऱ्यात. काचेला लोखंडाची चौकट दिलीच नाही, ग्रॅनाइटच्या काठावर रबर टाकून ती बसवली. आधी साधं पाणी भरून टाकीच्या भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. रोज सकाळी आलो की चप्पल काढायच्या आधी ती रेघ बघायची. पाणी रेघ सोडेना, तरी माझी धाकधूक मला सोडेना. मीठ घालायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, खडेमीठ किती पोती आणू? सर खूप हसले. ते मीठ वेगळं असतं म्हणाले. मग दगड, मग पाणी माशांना मानवेल असं होईपर्यंत नुसतं थांबणं, आणि शेवटी मासे आले. आमच्याकडे मासा दिसला की आधी रस्सा आठवतो. हे नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, दिव्यात फिरायला लागले तेव्हा रस्सा काही आठवला नाही.

काचेवर सिमेंटच्या भरलेल्या गोण्या रचून पाहिल्या होत्या. काच हूं की चूं करत नव्हती. चूक झाली ती त्यानंतर, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून केली. घरात नवं पाणी आलं म्हणून आजींनी पूजा मांडली. विहिरीला, बोअरला लोक करतात तशी. काचेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, मध्ये फुलं, साखरेचा नैवेद्य. नारळ बाहेरच्या पायरीवर वाढवला आणि आजींनी खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातात दिला. पूजा झाली, आजी हात जोडून उठल्या आणि भिंतीच्या कडेकडेने टेबलाकडे गेल्या. त्यांच्यामागून सर गेले. सरांच्या मागून मीही तसाच गेलो. पूजलेल्या पाण्यावर पाय कोण देणार?

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग नातेवाईक बघायला आले, तेही भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखे. एकाने मला हळूच विचारलं, "काच कच्ची आहे का हो?"

माझ्याकडे दाखवायला सर्टिफिकेट नाही. माझं काम हेच माझं सर्टिफिकेट. रविवारी सरांच्या ओळखीचे एक आर्किटेक्ट येणार होते. त्यांना आवडलं तर अशी कामं मला मिळणार होती. आणि ते येऊन काय बघणार? घरचाच माणूस जिच्यावरून जात नाही, अशी वाट. मी सरांना हे बोललो. ते म्हणाले, मी आत्ता चालेन रे, पण आईसमोर कसा चालू? त्यांनी आजींना विचारलं, तर आजी म्हणाल्या, "तू चाल की. मी कुठे अडवलंय?" आणि स्वतः कडेने निघून गेल्या. सर काही चालले नाहीत.

शनिवारी माझी माय आली. सरांनीच हट्टाने बोलावली होती. चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली आणि खाली बघतच राहिली.

"हे तू केलं?"

हो म्हणालो.

"गळत नाही ना?"

धानाच्या बांध्यांत पाणी अडवत जन्म गेलेली बाई दुसरं काय विचारणार? तेवढ्यात आजींनी टेबलाकडून चहाला हाक मारली, कडेकडेनं या म्हणून सांगितलं. मायला ते कळलंच नाही बहुतेक. ती सरळ काचेवरून निघाली.

"अहो, पूजलेलं पाणी आहे ते," आजी म्हणाल्या.

माय मधोमध थांबली. मागे फिरली नाही. वाकली, काचेला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाली, "माहा पाय पान्यावर कुठं हाये बाई? माह्या पोराच्या कामावर हाये."

वाटलं, आता आजींना लागणार, सरांनी केलेलं सगळं आम्ही मायलेक मातीत घालणार. आजी म्हणाल्या, "मग थांबा तिथंच." त्या टेबलावरून उठल्या, काठाशी आल्या, वाकून नमस्कार केला आणि मायचा हात धरून काचेवर आल्या. दोघी तिथे उभ्या. खालून एक मासा आजींच्या पावलाखाली आला, तशी त्यांनी पाऊल उचलून त्याला वाट दिली.

"आता मी येऊ का?" सरांनी दारातून विचारलं.

"तुला कोणी धरून ठेवलं होतं?" आजी म्हणाल्या.

रविवारी आर्किटेक्ट आले तेव्हा आजी काचेच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या होत्या. आर्किटेक्टना खालचं दिसेना, म्हणून त्यांनी आजींना जरा बाजूला व्हायची विनंती केली. आजींनी खुर्ची तसूभर सरकवली. माझ्याकडे हात करून "हे या मुलानं केलंय" असं सांगितलं आणि पुढची शेंग हातात घेतली.