कप्तानाचा पाना

माझ्या पोटात काही राहत नाही, असं बायको आजही चारचौघांत सांगते. राहिलंय — एक गोष्ट राहिली आहे. तिलाही कधी सांगितली नाही. आज तुमच्याशी बोलायला बसलोय खरा, पण जीभ अजून दुसरीकडेच वळते.

नागपुरात बोटींची कामं व्हायची म्हटलं, तर हसाल ना? आम्हीही हसायचो. कामठी रोडला आमचं पत्र्याचं वर्कशॉप. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्यांची इंजिनं — हीच कामं. सत्तरच्या आसपास तलावांवर सैरीच्या लाँच आल्या, आणि त्यांचे पंखे, शाफ्ट, इंजिनं उतरून आमच्याकडे यायला लागली. त्याला कारण एकच, शामराव. उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत काढून, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आलेला फिटर. सगळे त्याला कप्तान म्हणायचे.

मे महिन्यात पत्रा तापला की ओल्या गोणपाटाच्या आडोशाला आम्ही डबे उघडायचो, आणि कप्तान सुरू व्हायचा. माणसाहून उंच पंखे, त्यांची खाऱ्या पाण्याने खाल्लेली पाती, ती भरून, तासून परत कशी तोलायची — ऐकताना भाकरी हातातच राहायची. भिवापुरी मिरचीच्या ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचा, हा समुद्र आला. फेकायचाही खूप. पण ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. मग पुढचं आठवतं.

मी त्याच्या आधीपासून तिथे होतो. तरी लाँच आली की मालक माझ्याकडे बघायचेही नाहीत. मला हे खुपायचं का? तेव्हा विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पंख्याचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून पंखा फिरवणारा दांडा, बोटीच्या बुडातून बाहेर जातो. तिथे पाणी आत घुसू नये म्हणून चरबी लावलेली दोरी भरतात आणि वरून दोन नटांनी आवळतात. त्याला ग्लँड म्हणतात. ती पूर्ण आवळायची नसते. शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी झिरपलं पाहिजे, त्यावरच तो थंड राहतो. कप्तान सारखा बजावायचा, "थेंब पडू दे गा. थेंब बंद झाला का शाफ्ट तापते." पण आम्ही कोरड्या गावची माणसं. नावेत पाणी दिसलं की आम्हाला ती गळतेय असंच वाटायचं.

त्या वर्षी एक मोठी लाँच आम्ही पूर्ण खोलून नवी केली होती. चाचणी नीट झाली तर लाँचवाले कप्तानला तलावावरच्या सगळ्या लाँचवर मेकॅनिक म्हणून घेणार होते. परत पाण्यावर जायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने पांढरी टोपीसुद्धा विकत घेतली होती.

चाचणीच्या सकाळी तो डिझेल आणायला काठावर गेला. मी लाँचमध्ये एकटा. फळीखाली थोडं पाणी साचलेलं. पाहुणे येऊन बसणार, बायकांच्या साड्या भिजणार, हसं होणार — असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं काय होतं? कप्तानला जे जमलं नाही ते मी केलं, असं मालकांनी म्हणावं, एवढंच मनात होतं. त्याच्या पिशवीतून त्याचाच पाना काढला. दोन्ही नट आवळले — थेंब थांबेपर्यंत. पाना जागच्या जागी ठेवला.

तलावाच्या मध्यावर जळक्या दोरीचा वास आला. मग धूर. इंजिन कण्हत बंद पडलं. तलावात मासे धरणाऱ्या ढीवरांनी डोंगे लावून आम्हाला ओढत काठाला आणलं.

ग्लँड कोणी बांधली, मालकांनी विचारलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. आता बोलतो, आता बोलतो — म्हणत राहिलो. कप्तान खाली वाकला, शाफ्टला हात लावला, चटका बसून मागे घेतला. नट बघितले. आता तो माझ्याकडे वळेल असं वाटलं. तो वळला नाही.

"माहाच हात चुकला असन, साहेब."

त्याचं पाण्यावरचं काम गेलं. आमच्याकडे लाँच येणंही बंद झालं. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. त्याने गोदीच्या गोष्टी सोडल्या. कोणी कप्तान म्हटलं की कसनुसं हसायचा. आणि साधा विहिरीचा पंप बांधला तरी मला हाक मारायचा — "एक डाव पाहून घे न गा." मी वाकायचो, नटांना बोट लावायचो, बरोबर आहे म्हणायचो. ते नेहमीच बरोबर असायचं. वर्षानुवर्षं मी त्याचं काम तपासत राहिलो.

त्याला संशय आला असेल का? आला असता तर बरं झालं असतं, असंही मला कधी कधी वाटतं.

काम सोडलं त्या दिवशी त्याने सगळ्यांशी हात मिळवला. मला बाजूला नेलं आणि पिशवीतून तो पाना काढून पुढे धरला. म्हणाला, "तुह्याजवळ राहू दे. तुहा हात भरवशाचा आहे."

मी तो घेतला.