पिवळं कूपन

त्याला आम्ही खांबवाला म्हणायचो. आमच्या ट्रकथांब्यावर दीडशे गाड्या लावायची सोय होती, पण त्याला हवी असायची ती एकच जागा. वाय-फायचा डबा ज्या खांबावर बसवला होता, त्या खांबाला खेटून. तिथे दुसरी गाडी असली की हा गृहस्थ इंजिन चालू ठेवून वाटेतच उभा राहायचा. मागून हॉर्न सुरू झाले की काउंटर सोडून बाहेर यावं लागायचं ते मला. माझी जीभ मुळातच तिखट. पहिल्या वेळी मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. त्याने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, एक पिवळं द्या."

पिवळं म्हणजे कूपन. थांबा होता दोन डोंगरांच्या बेचक्यात, आणि मोबाइलला एक कांडीसुद्धा रेंज मिळायची मारामार. मालकाने हे हेरलं, तारेवरून इंटरनेट आणलं आणि तासांवर विकायला काढलं. पांढरं कूपन साधं, पिवळं ‘सुपरफास्ट’. विकायचं काम माझं, म्हणून मी ड्रायव्हर लोकांची कूपनबाई. पाठीमागे आणखी काय म्हणायचे, ते मी कधी विचारलं नाही.

नेट म्हणाल तर नावाला. जेवणं उरकून सगळे एकदम घरी बोलायला बसले की गोगलगाय परवडली. कुणाचा आवाज यायचा तर चेहरा नाही, कुणाची बायको अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून थिजायची. तक्रार घेऊन कुणी आलं की "हवामान खराब आहे" असं मी ठोकून द्यायची. बाहेर लख्ख ऊन असलं तरी.

खांबवाल्याने मात्र कधी तक्रार केली नाही. पन्नाशीचा माणूस, अंगाने आडवा, हातांच्या रेषांत ग्रीस कायमचं मुरलेलं. गाडी लावली की आधी तो नळावर जाऊन हात-तोंड धुवायचा. मग केबिनमध्ये टांगून ठेवलेला स्वच्छ शर्ट घालायचा, भांग पाडायचा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने फोन गाडीच्या आरशाच्या दांडीला अडकवायचा. जमिनीवर त्याने पांढऱ्या रंगाची एक फुली मारून ठेवली होती. तीन पावलं मागे सरकून तो त्या फुलीवर उभा राहायचा आणि सुरू व्हायचा. हात फिरवायचा, गाल फुगवायचा, भुवया उडवायचा, पोटावरून हात फिरवून डोळे मिटायचा. पोरं त्याला नाटक कंपनी म्हणून चिडवायची. मीही खिडकीतून बघून हसले आहे. आता कबूल करायला हरकत नाही.

महिन्याभराने एकदा गाडी हलवायला सांगायला गेले, तेव्हा फोनमध्ये एक मुलगी दिसली. तीही तसंच करत होती. ती त्याची लेक, जन्मापासून बहिरी. तेव्हा अकरा वर्षांची होती. बायकोला ऐकू यायचं, तिच्याशी तो माझ्या काउंटरवरच्या जुन्या फोनवरूनही बोलायचा. लेकीशी बोलायचं तर हातांनीच. "बाकीच्यांचं आवाजावर भागतं, ताई," तो मला म्हणाला, "आम्हाला चित्रच लागतं. चित्र अडकलं की शब्द अडकला."

त्यांच्या घरात खुणा घरच्याच होत्या, बापलेकीनेच बनवलेल्या. तीन वर्षं बघून बघून मलाही काही कळायला लागल्या. जेवलीस का, शाळा, आई चिडली आहे. एका तळहाताने दुसरा तळहात झटकला की ‘संपलं’. मग पोरगी लिहायला शिकली. त्याने तिचा पहिला मेसेज दाखवायला थेट काउंटरवर धाव घेतली होती. तिचं लिहिणंही हातांनी बोलावं तसंच, शब्दापुढे नुसता शब्द ठेवलेला. ‘बाबा घर कधी.’ ‘मी शाळा सुट्टी.’ तो एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचा, आणि त्याची छाती दोन इंच फुगायची.

आणखी एक खूण होती. उभा तळहात तोंडासमोर धरायचा आणि थरथरवायचा. म्हणजे ‘नेट खराब’. ती खूण त्या घरात आमच्यामुळे जन्माला आली होती. प्रत्येक बोलण्यात ती चार-पाचदा तरी यायची, आणि ती आली की मी खिडकीतून मान आत घ्यायची. कारण त्याला ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. पांढरं आणि पिवळं एकाच तारेवर चालायचं. फरक फक्त कागदाच्या रंगात होता. मी मालकाला एकदा विचारलंही होतं. तो म्हणाला, निवडायला दोन असले की लोकांना बरं वाटतं. मला नोकरी हवी होती. मी गप्प बसले, आणि तो तीन वर्षं पिवळंच घेत राहिला.

त्या मंगळवारी तो सकाळी आठलाच आला. कधी नव्हे ते भांग विस्कटलेला. बायकोच्या पोटात गाठ होती, ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं आणि बुधवारी हा घरी पोहोचणार होता. पण हॉस्पिटलने अचानक मंगळवारीच घेतलं. घर अजून पाचशे किलोमीटरवर. पुढे चार तासांचा घाट, त्यात रेंजचा पत्ता नाही. निघाला असता तर चार तास काहीच कळलं नसतं, आणि थांबला तर पोचणार कधी? तो आत-बाहेर करत होता. शेवटी म्हणाला, कळल्याशिवाय मी हलत नाही.

हॉस्पिटलात लेक एकटी होती. शेजारीण तिला सकाळी सोडून कामावर गेली होती, दुपारी तीनला परत येणार होती. मी काउंटरवरून हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, फोनवर आम्ही काही सांगत नाही, पेशंटचं माणूस इथे बसलं आहे, डॉक्टर त्यांनाच सांगतील. ते माणूस म्हणजे चौदा वर्षांची बहिरी पोर, हे मी दोनदा सांगितलं. फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर उचलेचना.

दहाला बायकोला आत नेलं. दोन तास लागतील असं सांगितलं होतं. बारा वाजले, साडेबारा झाले. तो फुलीवर उभा राहून चिमट्यातल्या फोनकडे बघायचा. चित्र यायचं, तुकडे व्हायचे, जायचं. जेवणाची वेळ, थांबा गच्च भरलेला, जो तो फोन उघडून बसलेला. कुणी गाणी बघत होतं, कुणी कुस्ती. मी कूपनं फाडत होते आणि काचेतून त्याच्याकडे बघत होते. माझाही जीव टांगणीला लागला होता, हे लपवत नाही. माझं कोण लागत होतं ते कुटुंब? पण तीन वर्षं त्यांचं बोलणं चोरून बघितलं होतं मी.

सव्वाएकला तो काउंटरवर आला. फोन माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर पोरगी थिजली होती, डोळे मिटलेले, एक हात दुसऱ्या हातावर. आणि खाली तिचा मेसेज, दोनच शब्द.

‘आई संपली.’

मी ते दोन शब्द पुन्हा वाचले. तो माझ्याकडे बघत नव्हता. खिसे चाचपत होता. त्याने पैसे काढून ठेवले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, तीन पिवळी एकदम लावली तर तिप्पट जोर येईल ना? एकदा नीट बघू दे मला तिला."

त्या प्रश्नाने मला जाळलं. मालकाने, नोकरीने, कशानेच जाळलं नव्हतं इतकं.

"काही होणार नाही," मी म्हणाले. "पिवळं आणि पांढरं एकच आहे. पहिल्यापासून एकच आहे. मला माहीत होतं."

मला वाटलं, आता हा मला बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मग आता काय करायचं?"

मी कॉम्प्युटरकडे वळले. तारेवर कोण कोण चढलं आहे त्याची यादी तिथे दिसायची. एक्केचाळीस फोन होते, शिवाय मालकाच्या केबिनमधला टीव्ही. एक त्याचा फोन ठेवून मी बाकी सगळे निवडले आणि उतरवले. टीव्हीसुद्धा. जेवणघरातून एकच गलका उठला. पहिला माणूस तावातावाने काउंटरकडे यायच्या आत मी दाराला कडी घातली आणि मागच्या वाटेने त्याच्या पाठोपाठ खांबाकडे पळाले.

त्याच्या हातातून फोन घेऊन चिमटा मीच लावला. गोल फिरणारी खूण एकदा फिरली, आणि पोरगी हलली. नुसती हलली नाही, चिडलेली होती. केव्हाची सांगते आहे आणि बाबा बघतच नाही, असा चेहरा. तिने भराभर हात चालवले. आई. पोट. कापणं. आणि एका तळहाताने दुसरा झटकला. मग फोन फिरवला. पलंग दिसला, नाकात नळी घातलेली एक बाई दिसली. चेहरा ओढलेला, डोळे अर्धवट उघडे. पोरीने तिच्या खांद्याला हात लावला तशी त्या बाईने चादरीवरचं एक बोट वर केलं. थोडंसंच, पण केलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आईचं ऑपरेशन संपलं, एवढंच तिला सांगायचं होतं. हातांनी बोलायची तसंच तिने लिहिलं होतं, शब्दापुढे शब्द. तिची प्रत्येक ओळ कौतुकाने वाचणारा तिचा बाप, आणि तीन वर्षं त्यांच्याकडे बघत आलेली मी, दोघांनीही ते दोन शब्द चारचौघांसारखे वाचले. भीती वाटत असली की माणूस तसंच वाचतो.

तो गाडीच्या पायरीवर मटकन बसला. दोन्ही हातांत तोंड धरून रडला, आवाज न करता. काउंटरच्या बाजूने लोक दार बडवत होते, मालकाचा आवाजही त्यात होता. त्याचं पुढे काय व्हायचं ते झालं, दुसऱ्या महिन्यापासून मी त्या काउंटरवर नव्हते. पण ते नंतरचं.

पोरीने फोन स्वतःकडे वळवला आणि डोळे बारीक करून बापाला शोधलं. मग एक बोट डोळ्याखालून गालावर ओढलं. ही खूण मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ‘रडतोस?’

तो उठला. ओल्या तोंडानेच फुलीवर जाऊन उभा राहिला, उभा तळहात चेहऱ्यासमोर धरला आणि थरथरवला.

नेट खराब.

त्या क्षणी साऱ्या थांब्याचं नेट त्याच्या एकट्याच्या फोनवर वाहत होतं. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या मागच्या पलंगाच्या उशीवर शिवलेला नंबर मला तीन पावलांवरून वाचता येत होता.

पोरीने मान डोलावली. तिला ते लगेच पटलं. तीन वर्षं आम्ही तिला दुसरं काही दाखवलंच नव्हतं.