बंद डब्यातलं साठेबाईंना दिसलं

आधीच सांगतो, मी केमिस्ट माणूस. भुतंखेतं, दृष्टांत असलं कोणी सांगू लागलं की सरळ चहाला उठतो. पण हे माझ्याच बाबतीत घडलं, आता उठून जाणार कुठे...

धायरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये तेव्हा मी नवा होतो. कारखान्यांकडून आलेल्या रसायनांचे सुरक्षिततेचे कागद आम्ही तयार करायचो. त्यात एक रकाना असतो ‘स्वरूप’ — घन की द्रव, रंग कोणता, भुकटी की स्फटिक. सगळ्यांना ते क्लार्कचं काम वाटायचं. आमच्या सीनियर साठेबाईंना नाही. नमुना पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात ठेवून त्या दहा-दहा मिनिटं न्याहाळायच्या. मुलगी बघायचा कार्यक्रम चाललाय, अशी आम्ही चेष्टा करायचो.

त्या दिवशी बाई हॉस्पिटलात होत्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. इकडे सकाळी एका बंद गोदामातून ईथरचा जुना डबा आला. पत्र्याचा, सीलबंद. लेबलवर ‘रंगहीन द्रव’. मी तेच रकान्यात उतरवलं — बाई नसल्या की सगळे तेच करायचे — आणि झाकणाला हात घातला.

मोबाइल वाजला. बाई!

“देसाई, तो डबा खाली ठेवा. हळू. झाकणाच्या आट्यांत पांढरे स्फटिक आहेत. कोरडे.”

“बाई, डबा आलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. दिसतंय.”

“अहो, पण तुमच्या डोळ्यावर पट्टी आहे ना...”

“म्हणून तर फोन केला. नाहीतर स्वतःच आले असते. ठेवलात का?”

ठेवला. जुन्या ईथरमध्ये असे स्फटिक धरतात आणि झाकण फिरवताना चिरडले तर स्फोट होतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! तज्ज्ञांनी डबा नेला, लांबून उघडला. आट्यांत पांढरे, कोरडे स्फटिक होते.

ऑफिसात एकेकाला विचारलं. बाईंना कोणीही कळवलं नव्हतं. संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन आधी त्यांच्या पाया पडलो.

“बाई, कसं दिसलं तुम्हाला?”

“मला काय माहीत? दिसलं ते सांगितलं. कसं दिसलं, असा रकाना आपल्या फॉर्ममध्ये नाही.” मग त्यांनीच विचारलं, “आणि तुम्ही काय लिहिलं होतंत?”

मी मान खाली घातली. पट्टीआडूनही ती त्यांना दिसली असावी.

असा डोळा मी पुन्हा पाहिला नाही. योगायोग म्हणा, आणखी काही म्हणा, एक्स्प्लनेशन माझ्याकडे आजही नाही. हे टाइप करणारी दहा बोटं तेवढी आहेत.