लीलाआंटींचा पापड

शेजारी कुणी पापड भाजला की त्या वासासरशी मी उल्हासनगरला, लीलाआंटींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते.

नोकरीसाठीचा माझा पहिला इंटरव्ह्यू दुसऱ्या दिवशी होता, त्या संध्याकाळची गोष्ट. शेजारच्या आंटी इंग्रजीच्या टीचर, म्हणून आईने मला त्यांच्याकडे सरावाला धाडलं. खुर्चीत टेकले न टेकले तोच मी सुरू झाले, "मायसेल्फ सुजाता, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग..." पाठ केलेलं सगळं एका दमात! आंटींनी गरम पापड माझ्या हातात दिला. सिंध्यांच्या घरी आल्यागेल्याला पापड-पाणी असतंच.

"पहले खा ले, पुट." सिंधीत पुट म्हणजे बाळ.

तोंडात पापड, मग बोलणार काय? घरभर फक्त पापडाची कुरुमकुरुम. पापड संपल्यावर आंटींनी विचारलं, "अब बता, तुझे क्या अच्छा लगता है?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाबांच्या घड्याळदुरुस्तीबद्दल बोलत सुटले. आंटी हनुवटीला हात लावून ऐकत राहिल्या.

तेव्हा मला तो निव्वळ पाहुणचार वाटला होता.

आता इंटरव्ह्यू मी घेते. परवा बदलापूरची एक मुलगी आली आणि बसायच्या आधीच घडाघडा सुरू झाली. ऑफिसात पापड कुठला? मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"आधी खाऊन घे गं," म्हटलं.