दोन बटणांची मशीन

सवतीवर जळावं तशी मी एका मशीनवर जळते. शर्टांना इस्त्री करणारी ही वाफेची मोठी मशीन आमच्या लॉन्ड्रीत आली आणि ह्यांचा सगळा जीव तिच्यात गुंतला. रोज सकाळी तिच्यात साचलेलं पाणी काढतात. तिच्या गादीवरचं कापड जरा करपलं, की लगेच बदलतात. वाफ थोडी वेगळी फुसफुसली तरी ह्यांना ऐकू येतं. माझा खोकला मात्र ऐकू येत नाही.

काल मी काउंटरवरून बघत होते. शर्ट पसरून ह्यांनी दोन टोकांची दोन बटणं दाबली, तेव्हा कुठे वरचं झाकण खाली आलं.

"एका हाताने नाही होत?" मी विचारलं.

"छे! दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ती मिटतच नाही. एक हात मोकळा राहिला, तर आत सापडून भाजेल ना."

म्हणजे दोन्ही हात तिचेच! वाटलं, संसारालाही अशी लांब लांब दोन बटणं हवी होती.

घरी आल्यावर चहा दिला. मोबाइलवरची नजर न काढता ह्यांनी एक हात पुढे केला. मी कप सोडलाच नाही.

"दोन्ही हातांनी धरा," म्हटलं. "भाजेल."